दुपारच्या झोपेचा प्रॉम्प्टर

बाबूजी,

आपला वाद नऊ सेकंदांचा होता. मी म्हणत होते नऊ सेकंद, तुम्ही म्हणत होता एक वाक्य. सात वर्षे आपण तो चालवला आणि पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही तो अर्ध्यावर टाकून निघून गेलात. समोरचा पक्षच उरला नाही म्हणजे मी जिंकले, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. माझे पुरावे अजून मांडून व्हायचे आहेत. शिवाय एक कबुली द्यायची आहे, आणि ती मी या वादाच्या आडून सात वर्षे पुढे ढकलत आले.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाला आपल्या अंगणात बसायला जागा नव्हती. भंतेजींची वंदना झाल्यावर तुमच्या आठवणी सांगायला एकेक नट उठला. पांढऱ्या केसांचे जुने नायक, एक खलनायक, लग्नानंतर रंगभूमी सोडलेल्या दोन बाया. प्रत्येकाने माइक हातात घेऊन हेच सांगितले, की विंगेत तुम्ही बसलेले असलात की त्यांना पाठांतराची धास्ती नसे. किती नाटके, किती हंगाम, कोणत्या मंडळाबरोबर, हे सगळे सांगून झाले. मग माझ्याकडे पाहिले गेले. मी उठले नाही. मला जे सांगायचे होते त्यात रंगमंच नव्हता. त्यात पाच महिन्यांची एक मुलगी होती, एक सूक्ष्मदर्शक होता, आणि दुपारी एक ते तीन या वेळात एका खिडकीतून येणारा उजेड होता. ते माइकवर सांगण्यासारखे नव्हते.

उजेडाचे आधी लिहिते, कारण सगळा पेच त्यानेच घातला होता. माझा पीएच.डी.चा विषय नवेगावच्या तलावातले प्राणिप्लवक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात तरंगणारे जीव. लग्नाआधी दोन वर्षे मी नागपूरहून येऊन पाण्याचे नमुने गोळा करत असे. त्याच फेऱ्यांत तुमचा सुधीर भेटला, आणि तलावाबरोबर तलावाकाठचे घरही माझे झाले. आमची मुलगी मैत्री जन्मली तेव्हा दीडशेच्या वर बाटल्या मोजायच्या राहिल्या होत्या. विभागाने उसना दिलेला सूक्ष्मदर्शक जुन्या धाटणीचा, आरशावर उजेड घेणारा. तो आरसा नीट उजळेल अशी आपल्या घरात एकच खिडकी, आणि तिच्यातही ऊन पोहोचायचे ते शेजारची भिंत आणि पेरूचे झाड यांच्यामधल्या फटीतून, एक ते तीन. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. दिवाळीनंतरच्या महिन्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. मैत्रीची दुपारची झोपही एकच्याच सुमारास. गणित सरळ दिसत होते: ती झोपेल, मी मोजेन.

ती झोपत असे, पण माझ्या खांद्यावर. पाठ गोधडीला टेकायचा अवकाश, की डोळे उघडत, हनुवटी थरथरू लागे, आणि पाठोपाठ असा आक्रोश सुरू होई की जणू मी तिला तलावात सोडले आहे. उचलले की अर्ध्या मिनिटात पुन्हा झोप. ठेवले की पुन्हा तेच. एका दुपारी मी अकरा वेळा ठेवली आणि अकरा वेळा उचलली. अकराव्या वेळी खिडकीकडे पाहिले तर ऊन भिंतीवर चढून गेले होते.

मी माझ्या शिक्षणाला शोभेल असा उपाय केला. वही घातली. गोधडी थंड लागत असेल म्हणून दोन दिवस ती आधी गरम पाण्याच्या पिशवीने उबदार केली. मग दोन दिवस माझी वापरलेली ओढणी अंथरली. मग पाय आधी आणि डोके शेवटी. मग दूध पाजल्यावर वीस मिनिटांनी, मग चाळीस मिनिटांनी. एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकी सगळे तसेच ठेवायचे. शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून हे सगळे पाहत असत. एकदा त्यांना राहवले नाही.

"काऊन ओ, नागपूरवाली लेकरू झोपवून रायली का लेकराची परीक्षा घेऊन रायली?"

"शोधून राहिले, शेवंताबाई."

"शोधाचं काय आहे त्याच्यात? झोळी बांध, बाप्पा! माये सहाच्या सहा झोळीतच वाढले."

झोळी बांधली. मैत्री तिच्यात झोपली, पण दोरी हलत असेपर्यंतच. मग मी दोरीचे टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधले आणि पायाने झोका देत सूक्ष्मदर्शकात पाहू लागले. दोन दुपारी मला वाटले की मी प्रश्न सोडवला. तिसऱ्या दिवशी आकडे पडताळले तेव्हा कळले की अंगठ्याबरोबर टेबल हलत होते, टेबलाबरोबर काचपट्टी हलत होती, आणि एकच जीव मी कधी दोनदा तर कधी तीनदा मोजला होता. बारा बाटल्यांची मोजणी मी स्वतःच्या हाताने खोडली. दारातून पाहत तुम्ही एवढेच विचारलेत, "तलावात एकाएकी मासोळ्या वाढल्या का?" मला तेव्हा हसू आले नाही. आज येते.

त्या शनिवारी सुधीर गोंदियाहून आला होता. बँकेतली नोकरी नवी होती, तो आठवड्यातून एकदाच येत असे. जेवताना मी जाहीर केले, "मी प्रबंध सोडते आहे. मैत्री खाली राहत नाही, आणि मोजणी दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही."

सुधीर म्हणाला, "एखाद्या वर्षानं पुन्हा पाहू."

एखाद्या वर्षाने पाहायला नोंदणीच उरणार नव्हती, हे त्यालाही माहीत होते. तुम्ही भात कालवत होता. वर न पाहता म्हणालात, "सोड मंग."

मला वाटले, बोलणे संपले. ते संपले नव्हते.

"सोड, पण लेकराच्या नावावर नोको टाकू. उद्या मोठी होईन ते, अन् तू तिले सांगशीन, तुह्यापायी माहं राहून गेलं. पाच महिन्याच्या जिवावर कायले एवढं वझं देतं?"

माझ्याशी घरात इतक्या सडेतोडपणे तोवर कोणी बोलले नव्हते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि तुम्ही माझ्याशी गरजेपुरते बोलणारे. मला राग आला. तो प्रामाणिक राग नव्हता; नेमके दुखते तिथे बोट पडले की येतो तो होता. मी म्हटले, "मग तुम्हीच झोपवून दाखवा, बाबूजी."

"दाखवीन. पण पह्यले आठ दिवस मी निसता पाहीन. हात नाही लावणार."

"पाहून काय होणार?"

"तालमीत मी तेच करतो."

तुम्ही कोपऱ्यात पाटावर बसू लागलात. मी ठेवायची, ती रडायची, मी उचलायची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की तुमची नजर मैत्रीवर नाहीच.

"माझ्याकडे काय पाहता? झोपायचं तिला आहे."

"चुकून तं तू रायली ना."

आठव्या दिवशी तुम्ही निदान सांगितलेत, आणि त्याआधी एक गोष्ट. ती मी नंतर इतक्यांना सांगितली आहे की आता ती माझीच वाटते. तुम्ही विशीत होता, प्रॉम्प्टिंगचा दुसराच हंगाम. नाटकात बाप मुलाच्या प्रेताशी उभा असतो. नायक बोलता बोलता थांबला. समोर हजार माणूस निःशब्द. तुम्हाला वाटले, विसरला. तुम्ही विंगेतून पुढचे वाक्य दिलेत, चांगले स्पष्ट आणि मोठ्याने. पुढच्या रांगेतल्यांनी ते आधी ऐकले, नायकाने मग. लोक हसले. तो नायक विसरला नव्हता. रडायच्या आधी जेवढे थांबायला हवे तेवढा तो थांबला होता. हंगाम संपेपर्यंत तो तुमच्याशी बोलला नाही.

"तुह्यं तेच होऊन रायलं," तुम्ही म्हणालात. "पोट्टी भुलत नाही. थांबते. जरासं कुचमुचते, तोंड वाकडं करते, डोळा उघडून पाहाते, कुठं आहो म्हणून. अन् तू लगेच वाक्य देऊन टाकतं. मंग तिले वाटते, आपलं वाक्य हेच देणार. आपल्याले कायले पाठ कराचं?"

मी त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी वही उघडली. पहिल्या आवाजानंतर किती वेळात उचलले, असा एक रकाना मीच आखलेला होता. प्रत्येक ओळीत एक किंवा दोन सेकंद. म्हणजे तिसऱ्या सेकंदाला मैत्री काय करते, याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. तान्ह्या बाळांची झोप उथळ आणि गाढ अशी आलटून पालटून चालते, उथळ झोपेत ती कण्हतात, हातपाय हलवतात, हे मी वाचलेले होते. वाचलेले आणि पाहिलेले यांची गाठ पडली नव्हती. प्रयोगाची रचनाच अशी होती की हवे ते उत्तर तिच्यात येऊ शकत नव्हते. आज महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवताना मी हीच चूक फळ्यावर मांडते. ती कोणाच्या वहीतली आहे, ते मात्र सांगत नाही.

तुमची दुसरी सूचना मला अधिक खटकली होती. ती पुरती झोपण्याआधीच खाली ठेव, असे तुम्ही म्हणालात. मी म्हटले, झोपलेली ठेवली तर रडते, जागी ठेवली तर काय होईल?

"झोपलेल्या नटाले उचलून स्टेजवर नेऊन ठेवते का कोणी? डोळा उघडला का समोर हजार माणूस. कोणी बी बोंबलीन! जागी असताना ठेव. आपण कुठं आहो ते तिले मालूम पाहिजे."

मी प्रयोगाला संमती दिली.

पहिली दुपार कठीण गेली. पेंगुळलेली पण जागी मैत्री तुम्ही गोधडीवर उताणी ठेवलीत आणि तळहात तिच्या छातीवर. ती रडली. तुम्ही हात काढला नाही. प्रॉम्प्टरचा तो आवाज, जो एका माणसाला ऐकू जातो आणि दुसऱ्याला जात नाही, त्या आवाजात तुम्ही कुठल्या तरी नाटकातले संवाद म्हणू लागलात. दोनदा रडणे वाढले तेव्हा तुम्ही तिला उचललेत, शांत केलेत आणि जागेपणीच पुन्हा ठेवलीत. मी विचारले, उचलायचे नाही ना? तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत, जणू मीच मूल.

"उचलाचं नाही असं कोण म्हणते? नट खरंच भुलला तं वाक्य द्याचंच."

माझ्या घड्याळाप्रमाणे सव्वीस मिनिटांनी ती झोपली. खाली, गोधडीवर. खिडकीतले ऊन अजून शिल्लक होते. मी दीड बाटली मोजली आणि ती पुन्हा मोजावी लागली नाही.

पुढचे दिवस मला तुमच्या व्यवसायाचा धडा वाटतात. पहिले काही दिवस पूर्ण संवाद. राजाचे, सावकाराचे, खलनायकाचे. मैत्रीला भेद नव्हता. शेवंताबाईंनी कुंपणावरून विचारलेच, "पोट्टीले आतापासून खून-दरोडे शिकवून रायले का, भाऊ?" तुम्ही म्हणालात, "तुह्यासारखी शेजारीण भेटली तं कामात येईन." मग वाक्यातले पहिले दोन-तीनच शब्द. मग नुसते ओठ. तळहाताचे वजन कमी होत गेले, मग बोटेच उरली, मग तीही नाहीत. पाट गोधडीपासून हातभर सरकला, मग उंबऱ्यापाशी गेला. ती मधेच कुचमुचली की तुम्ही थांबायचात. मनात एक वाक्य म्हणायचात, आणि ते संपेपर्यंत ती बहुतेक वेळा पुन्हा झोपलेली असायची.

इथे आपला वाद सुरू झाला. मी तुमच्या नकळत घड्याळ लावून बावीस वेळा मोजले. सर्वांत कमी सात, सर्वांत जास्त चौदा, बहुतेक वेळा नऊ. मी तुम्हाला सांगितले, "बाबूजी, तुमचं वाक्य नऊ सेकंदांचं आहे."

"सेकंद नाही. वाक्य."

"पण ते लांबतं. परवा चौदा सेकंद झाले."

"परवा ते लांबली होती."

"म्हणजे तुम्ही तिच्याकडे पाहून वाक्य लांबवता. मग ते माप कसलं?"

"माप पाहिजे कोणाले? मले झोप पाहिजे."

मला अजून वाटते की बरोबर मीच होते. ज्या मापाने दुसऱ्याला मोजता येत नाही ते शिकवता येत नाही. महाविद्यालयातली माझी सहकारी दोन वर्षांपूर्वी रडवेली होऊन बसली होती, तिचा मुलगा अगदी असाच. तिला मी नऊ सेकंद सांगितले आणि ते तिच्या कामी आले. वाक्य सांगितले असते तर तिने विचारले असते, कोणते? आणि ते मला सांगता आले नसते. बाबूजी, ते वाक्य कोणते होते, हे मी तुम्हाला कधी विचारलेच नाही. त्याची लांबी मोजली, शब्द विचारले नाहीत. काल अंगणात इतके नट बसले होते. एखाद्याने कदाचित ओळखलेही असते.

तुमच्या बाजूने जो पुरावा आहे तोही नोंदवते. तुम्ही सांगितले होते की विसरलेला नट श्वास आत घेतो आणि तिथेच अडकतो. थांबलेल्या नटाचा श्वास चालू राहतो. मी आठवडाभर मैत्रीचा श्वास पाहिला. आवाज श्वास सोडताना येत असेल तर ती बहुधा आपली आपण झोपे. आधी मोठा श्वास आत जाऊन क्षणभर सगळे थांबले, तर पुढे खरे रडणे येई, आणि तेव्हा उचलणेच योग्य ठरे. तुमचा निकष बराचसा बरोबर निघाला. सर्व वेळा नाही.

आता त्या एका वेळेबद्दल.

मी तलावावर होते. गाळाचा एक नमुना पुन्हा घ्यायचा होता. परत आले तेव्हा अंगणातच रडणे ऐकू आले. आत तुम्ही उंबऱ्यापाशी पाटावर बसलेले होता, मान किंचित खाली, ओठ हलत होते. मी धावत जाऊन तिला उचलले. मांडीवर, पोटरीवर लाल टिपके. गोधडीच्या शिवणीतून लाल मुंग्या चालल्या होत्या. तुमचे वाक्य पुरते संपलेही नव्हते, बाबूजी. जास्तीत जास्त नऊ सेकंद झाले असतील. मी हिशेब केला नाही. मी ओरडले, "लेकराला मुंग्या खाऊन राहिल्या, अन् तुम्ही मोजत बसलात!"

तुम्ही बंबातले पाणी काढून दिलेत, खोबरेल तेल आणून दिलेत, गोधडी उचलून बाहेर नेलीत. मोजत बसलात हे मी म्हणावे, मी! ज्या घरात एकच माणूस मोजत असे, त्या घरात.

त्यानंतर चार दिवस तुम्ही तिला खाली ठेवली नाहीत. एक वाजला की खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचात, ती झोपली तरी फिरायचात, तीन वाजेपर्यंत. सत्तरीचा माणूस, दोन तास उभा. महिनाभरात कमावलेले सगळे त्या चार दिवसांत जाऊ लागले. मी मोजत होते, बाटल्या संपत येत होत्या, पण मला तुमच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

पाचव्या दिवशी मी वही तुमच्यासमोर ठेवली. तिच्यात मी आलेख काढला होता, झोप लागेपर्यंतच्या मिनिटांचा. सव्वीसवरून उतरत चारवर आलेली रेषा, आणि मधेच वर उडालेला एकच ठिपका.

"हे वरतं गेलं ते मीच ना?" तुम्ही विचारलेत.

"एका ठिपक्यावरून कोणी रेषा बदलत नाही," मी म्हटले.

तुम्ही वही मिटलीत. मग पाट उचलून उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलात. मला वाटले, झाले, मी माझ्या भाषेत क्षमा मागितली आणि तुम्ही ती तुमच्या भाषेत दिलीत. तसे झाले नव्हते. कारण तुम्हाला जे माहीत नव्हते ते मला माहीत होते. ती गोधडी आदल्या दिवशी मी धुतली होती. दोरीवर जागा नव्हती म्हणून मी ती पेरूच्या फांदीवर वाळत टाकली, जिथे मुंग्यांची रांग असते हे मला दिसत होते. संध्याकाळी घाईत काढली आणि न झटकता घडी घातली. तुम्ही ती बाहेर नेऊन झटकत होता तेव्हा मी खिडकीतून पाहत होते, आणि माझ्या ध्यानात सगळे आले होते. मी गप्प राहिले. आलेख काढायला मला चार दिवस लागले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

ते वाक्य हे: चूक माझी होती, बाबूजी. तुम्ही थांबलात त्यात काहीच चुकले नव्हते.

सात वर्षांत हे सांगायच्या किती संधी आल्या! आम्ही गोंदियाजवळ कुडव्याला राहायला गेलो, तुम्ही महिन्यातून आठ दिवस येऊन राहायचात, मैत्रीला शाळेच्या स्नेहसंमेलनात संवाद द्यायला विंगेत उभे राहायचात. ती दुसरीत आहे आता आणि इतकी बोलते की तिला थांबवायला प्रॉम्प्टर लागेल. एकदा तिने विचारलेही, पायावर हे बारीक डाग कसले. डाग कसचे, मला तर दिसतच नाहीत, पण तुम्ही म्हणालात, "माही चूक झाली होती, माय." मी समोर बसून भाजी निवडत होते. तेव्हाही नाही बोलले. काल सगळे गेल्यावर मी तिला खरे काय ते सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग तुनं आजोबाले सॉरी काऊन नाही म्हटलं?" तुमची भाषा तिच्या तोंडात चांगली बसली आहे. मी तिला सांगितले, आता लिहून म्हणते.

आभार मानायचे तर कशाचे, हे मी नीट ठरवले आहे. मूल झोपवल्याचे नाहीत. ते शेवंताबाईंनीही झोळीत झोपवले असते. आभार त्या जेवणाच्या ताटावरच्या वाक्याचे. मी माझे अपयश पाच महिन्यांच्या मुलीच्या नावावर लिहिणार होते आणि तुम्ही ते लिहू दिले नाही. त्यामुळे आज ती माझ्यासमोर बसते तेव्हा तिच्याकडे माझे काही थकलेले नसते. आम्ही दोघी मोकळ्या आहोत.

शेवटचे एक लिहायचे राहिले. प्रबंध द्यायला मी नागपूरला गेले तो दिवस. सकाळच्या बसने निघाले. मैत्रीच्या जन्मानंतर प्रथमच मी एका दुपारी गावात नव्हते. पाच प्रतींचे गठ्ठे पायाशी ठेवून विद्यापीठाच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. एक वाजून गेला. दीड झाला. माझ्या पुढे चार जण होते, आणि मला रांग सोडून बसस्थानकाकडे पळावेसे वाटत होते. इतके, की मी गठ्ठे एकदा उचललेही. मग सुधीरने तुमच्याजवळ ठेवलेल्या मोबाइलवर मी फोन लावला. तुम्ही पहिल्याच घंटीला उचललात.

"झोपली का, बाबूजी?"

"नाही."

"रडून राहिली का?"

"कायले रडते? लाइन गेली आहे. बंद पंख्याकडे पाहून पडून रायली. एकटीच हासून रायली."

"म्हणजे झोपत नाही?"

"झोपीन तवा झोपीन. तिले काही घाई नाही. तूच आपली घाई कर, तिकडे खिडकी बंद होईन."

मी फोन ठेवला. पुढे आता तिघे उरले होते. मी गठ्ठे छातीशी धरले आणि एक पाऊल पुढे सरकले.